बानोखालाची बोटं

बानोखालाकडं बांगड्या भरायला बसलेली बाई लवकर उठत नसे. हात एकदा तिच्या हातात गेला की सासूचं, सुनेचं, गुडघ्याचं, वेगळ्या निघालेल्या दिराचं, सगळं बाहेर पडायचं. खाला काही विचारायची नाही. अंगठ्याखालचा भाग दाबून दाबून मऊ करायची, बोटं एकत्र मिटवायची आणि बाई आपणहून बोलायला लागायची. शेजारचा कापडवाला कुरकुरायचा, "हे बांगड्याचं दुकान हाय का पंचायत?" त्याला काय कळणार होतं? मलाही फार उशिरा कळलं, की दिवसभरात कुणाचा तरी हात हातात यावा एवढ्यासाठी ती दुकान उघडायची. धंदा त्याच्यामागून आला.

लातूरच्या गंजगोलाईमागच्या एका बोळात तिचं घर होतं. खाली दुकान, मागं स्वयंपाक आणि वर एक खोली. ही मणेर माणसं पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांतली. तिचा नवरा पाशामियाँ सायकलीवर पेट्या बांधून खेडोपाडी फिरायचा. गौरी गेल्या आणि नवरात्र तोंडावर आलं की त्याला घर दिसायचं नाही. त्र्याण्णव सालीही तसाच औसा तालुक्यातल्या एका गावात गेला. गणपती बुडवायला गाव जागंच होतं, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला थांबला. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. पहाटे जमीन हलली आणि त्या घरातलं कुणीच उरलं नाही. खाला तेव्हा तिशीच्या आतली होती. मूलबाळ नव्हतं.

माहेरच्यांनी दुसरं लग्न कर म्हणून तगादा लावला. तिनं ऐकलं नाही, आणि माहेरचेही मग हळूहळू यायचे थांबले. थंडीत ती नवऱ्याची सायकल सोडून एसटीनं त्याच गावाला गेली. गाव आता पत्र्याच्या शेडांत होतं. लोक रागावले, की मढी उचलून झाली नाहीत तोवर बांगड्या विकायला आली. पण लेकीबाळींची काच ढिगाऱ्यात गेलेली होती, त्या आल्या. विधवा झालेल्या बाया मात्र लांब बसून राहिल्या. नवरा गेलेल्या बाईचा हात बांगडीवाली धरत नाही, ही रीत. खाला उठून त्यांच्याकडं गेली आणि म्हणाली, "माप तर घेऊन ठेवते."

त्यात तुळजाबाई होती. तिचा नवरा गेला होता, दोन लेक गेले होते, एक नात तेवढी वाचली होती. ती म्हणाली, "माप कशाला? घालणार कोण?"

"मला तरी कोण घालून राहिलंय? हात दे," खाला म्हणाली.

पुढं खूप वर्षांनी तुळजाबाईनं मला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "भूकंपानंतर मंत्री आले, फोटोवाले आले, कपडे वाटणारे आले. हातात हात कुणी घेतला न्हवता पोरी." खाला त्या शेडांत वर्षानुवर्षं जात राहिली. विधवांची मापं घेत राहिली. एकीनंही कधी बांगडी घेतली नाही, आणि ती जायची थांबली नाही.

मी तिच्या आयुष्यात आले ती पोरींच्या लोंढ्यातून. लातूरला क्लासची लाट आली आणि गल्लीतल्या प्रत्येक घराला वरचा मजला फुटला. खालानंही वरची खोली पोरींना द्यायला सुरुवात केली. मी हदगावची. वडलांची कापूस-सोयाबीनची शेती, आणि त्यांच्या डोक्यात एकच खूळ, की ऋतुजाला डॉक्टर करायचं. त्यांनी मला गादीची वळकटी आणि तुपाच्या डब्यासह खोलीत सोडलं, खालाला "लक्ष ठिवा" म्हणाले आणि गेले. पहिले आठ दिवस मी उशीत तोंड खुपसून रडले. क्लासमध्ये शेकडो पोरं, आणि माझं नाव कुणाला ठाऊक नाही. सर पोरांना नावानं नाही, मार्कांनी ओळखायचे.

एक दिवस खालानं जिन्यावरून उतरताना मला थांबवलं आणि हात मागितला. हिरव्या काचेची बांगडी माझ्या सांध्यावर अडली आणि मी ओरडले. ती म्हणाली, "दुखू दे. न दुखता चढली ती मापाची न्हाई. ढिली बांगडी काय, कुणाच्याबी हातात जाते." हा तिचा धंद्याचा नियम होता आणि तो तिनं सगळ्या जगाला लावून ठेवला होता. कडू औषध चांगलं, मारणारा मास्तर चांगला, चावणारी चप्पल टिकाऊ. मी वाद घालायचे. ती ऐकायची नाही. पण त्या दिवसापासून मी रडायची थांबले, हेही खरं.

डॉक्टर मी झाले नाही. 'लातूर पॅटर्न'चे फलक चौकाचौकात लागतात, त्यावर गुलाल लावलेली तोंडं असतात. त्यात न बसलेल्यांचा फलक कुणी लावत नाही, लावला तर तो औशापर्यंत पुरेल. वडील वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. मी बीएस्सी केलं, एमएस्सी केलं आणि नांदेडला पीएचडीला लागले. गावात अजून विचारतात, "पोरगी कशाची डॉक्टर हाय?" तर मी ट्युब्युलिनची डॉक्टर होणार होते.

खालाला मी ते तिच्या दुकानाच्या पायरीवर बसून समजावलं होतं. पेशीत ट्युब्युलिन नावाचं प्रथिन असतं. त्याचे कण एकाला एक लागून बारीक नळ्या तयार होतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या वेळी ह्याच नळ्या आतलं सामान दोन्हीकडं वाटून देतात. कॅन्सरची काही औषधं ह्या ट्युब्युलिनच्या एका खोबणीत जाऊन बसतात. मग नळ्या आखडून जातात, वाटणी होत नाही आणि पेशी मरते. मात्र ट्युब्युलिन एकच एक नसतं. अंगात त्याचे बरेच भाऊबंद असतात, तोंडावळा एक, फरक तिळाएवढा. तेवढ्या फरकानंही औषधाची पकड सैल पडू शकते. काही गाठींमध्ये ह्यातला असा एखादा भाऊ वाढलेला सापडतो आणि औषध तिथं हवं तसं चालत नाही. मी संगणकावर प्रत्येक भावाच्या खोबणीत औषध बसवून बघायचे, की कुठं घट्ट धरतं आणि कुठून सुटतं.

खाला हसली. "म्हंजे इतकं शिकून तू मणेराचंच काम करून राहिली."

मला राग आला होता, आणि हसूही आलं होतं.

मग तिलाच गाठ निघाली. स्तनात, आणि काखेपर्यंत पोचलेली. लातूरच्याच एका दवाखान्यात तिची सलाइनं सुरू झाली आणि औषध नेमकं माझ्या ओळखीचं निघालं, ट्युब्युलिनला धरणारं. मी नांदेडहून जमेल तेव्हा यायचे. ते थेंब नळीतून उतरताना बघून मला चमत्कारिक वाटायचं. संगणकावर मी हेच औषध कितीदा तरी खोबणीत सरकवलं होतं. पण खालाच्या गाठीत कुठला भाऊ बसलाय हे मला दिसत नव्हतं, आणि तसलं तपासायची तिथं रीतही नव्हती. मी डॉक्टरांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "औषध द्यायचं आणि गाठीकडं बघायचं. आपल्या हातात एवढंच आहे." खरंच होतं ते.

ह्या औषधाचा एक त्रास असतो. मणक्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत ज्या लांबलचक नसा जातात, त्यांच्या आतही ह्याच नळ्या असतात आणि त्यांच्यावरून नसांचा माल इकडून तिकडं जातो. औषध तिथंही जाऊन बसतं. मग सगळ्यांत लांबची टोकं आधी उपाशी पडतात. हातापायाच्या बोटांना मुंग्या येतात, मग ती बधिर होतात. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "मुंग्या येतात का? वस्तू हातातून पडतात का?" खाला म्हणायची, "न्हाई जी." मी फोनवर विचारलं तरी तेच. "न्हाई बेटा, मजेत हाय."

ती खोटं बोलत होती. शेजारच्या खाटेवरच्या चतुराबाईनं हात बधिर झाल्याचं सांगितलं, तर तिचं औषध कमी केलं होतं. हे खालानं पाहिलं होतं. आणि खालाच्या हिशेबी तर मुंग्या येणं ही आनंदाची गोष्ट होती. बोळातल्या बायांना ती सांगायची, "दुखून राहिलं म्हंजे मापाचं औषध हाय. बरोबर बसून राहिलंय." जो नियम तिनं जन्मभर मनगटांना लावला तोच तिनं गाठीला लावला. औषध कमी झालं तर जगणं कमी होईल, म्हणून ती तोंड मिटून सलाइनं घेत राहिली.

दुकानात तिनं युक्त्या केल्या. काच मागं सरकवली, धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या बांगड्या पुढं आणल्या. कुणी विचारलं तर म्हणायची, "आताच्या पोरींना काच कुठं लागते? परीक्षेच्या गेटावर काढूनच घेतात." ते खरंच होतं, त्यामुळं कुणाला संशय आला नाही. बोटांनी जे समजायचं ते ती डोळ्यांनी बघायला लागली. चष्मा नाकावर आणून हात अगदी तोंडाशी धरायची. मला वाटलं नजर गेली. प्रथिनाच्या खोबण्या मोजणारी मी, समोरच्या बाईच्या बोटांकडं मी बघितलं नाही.

दोन हजार वीसच्या माघात तुळजाबाईच्या नातीचं लग्न निघालं. भूकंपात वाचलेली ती हीच, वय उलटल्यावर लग्नाला उभी राहिली होती. चुडा बानोनंच भरायचा असा तुळजाबाईचा हट्ट. "सोबत ये, एसटीत चढायला होत न्हाई," म्हणून खालानं मला बोलावून घेतलं. पायरीवर पाय टाकताना ती खाली बघून टाकत होती. मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. मी बॅग सांभाळत राहिले.

पुनर्वसन झालेल्या गावातलं सिमेंटचं घर, दारात मांडव, ओसरीवर बाया दाटून बसलेल्या. पाटावर नवरी बसली आणि खालानं तिचा हात घेतला. पहिल्या दोन बांगड्या गेल्या. तिसरी सांध्यावर अडली. एरवी तिथं खालाचा अंगठा आपोआप थांबायचा, हाड जरा फिरवायचा आणि बांगडी घरंगळत मनगटावर जायची. ह्या वेळी तो थांबलाच नाही. ती जोर देत राहिली आणि काच तडकली.

नवरीच्या हातावर रक्त दिसलं, पिवळ्या साडीवर डाग पडले. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, म्हणून एक म्हातारी घाईनं म्हणाली, "वाढली गं बाई, वाढली, काय न्हाई." खाला नवरीचं मनगट पुसायला लागली. पुसत होती आणि रक्त वाढतच होतं. तुळजाबाई पुढं झाली, नवरीचा हात उलटासुलटा करून बघितला. त्यावर ओरखडाही नव्हता. मग तिनं खालाची मूठ उघडली. काचेचा तुकडा तळव्यात रुतून बसला होता आणि रक्त तिथून येत होतं. खाला आपल्याच हाताकडं बघत राहिली, कुणी दुसऱ्याचा हात तिच्यापुढं धरावा तशी.

"दुखत न्हाई का गं?" तुळजाबाईनं विचारलं.

"न्हाई," खाला म्हणाली.

तुळजाबाईनं पदर फाडून हात बांधला. राहिलेला चुडा नवरीच्या मामीनं भरला. कुणीही वाईट बोललं नाही, उलट जास्तच गोड बोलले, आणि खालाला ते सोसलं नाही. जेवायला न थांबता आम्ही निघालो. फाट्यावर एसटीची वाट बघताना तिनं मला सगळं सांगितलं. मुंग्या कधीपासून, भाकरी थापताना पीठ कळत नाही, कुर्त्याचं बटण लागत नाही, रात्री पाय आहेत की नाहीत ते चाचपून बघावं लागतं. मी तिच्यावर चिडले. भर फाट्यावर ओरडले.

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. गाठ वाढलेली होती. डॉक्टर म्हणाले, "बाई, आधी सांगितलं असतं तर औषध कमी केलं असतं, बोटं तरी वाचली असती." त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळं जास्त लागलं.

घरी आल्यावर तिनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, "नीट सांग. तुझ्या त्या भाऊबंदांचं सांग."

मी सांगितलं. की गाठीतलं ट्युब्युलिन वेगळ्या घडणीचं असेल, तर औषधाचं तिथं फारसं चाललं नसेल. हेच कारण असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुणी तपासलेलं नाही, आणि औषध हरण्याची दुसरीही कारणं असतात. पण बोटांत ते बसलं, हे मात्र नक्की. बधिर होणं आणि बरं होणं ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. गाठ वाढत होती तेव्हाही बोटं मरतच होती.

तिनं बोटं एकमेकांवर घासून बघितली. मग म्हणाली, "जिथं बसायचं तिथं बसलं न्हाई, न् माझ्या हातात येऊन बसलं." आणि थोड्या वेळानं, "भूकंपानं माणूस नेला बेटा, हात ठेवले होते. हातावर मी हे सगळं काढलं. आता मी कुणाला कुठला हात लावू?"

मग तिनंच विचारलं, "बोटं परत येतात का?"

"काहींची येतात. औषध थांबल्यावर, हळूहळू, महिने लागतात. काहींची नाही येत."

"मंग मला तेवढे महिने पाहिजेत."

डॉक्टरांनी दुसरं औषध सुचवलं, ट्युब्युलिनला हात न लावणारं. आशा बेताचीच आहे हेही सांगितलं. जगायचं असेल तर घेऊन बघा, म्हणाले. खाला म्हणाली, "घेते जी. बोटं येईपर्यंत गाठीला थोपवून धरा."

आणि तेवढ्यात टाळेबंदी आली. क्लास बंद झाले, पोरी आपापल्या गावी गेल्या, वरची खोली रिकामी झाली. एसटी बंद, मी नांदेडला अडकले. खाला पास काढून रिक्षानं एकटीच सलाइनला जायची. दुकान बंद होतं, आणि उघडल्यावरही कुणी हात पुढं करेना. लोक एकमेकांपासून लांब उभे राहायचे. बाया बांगड्या बाहेरूनच घेऊन घरी जाऊन आपल्या आपण घालायच्या. मी रोज फोन करायचे. "काही कळतंय का?" "काय न्हाई." ती सकाळभर पेटीतल्या वस्तू डोळे मिटून चाचपत बसायची. काच, सूत, मीठ, तांदूळ. सगळं सारखंच लागायचं. फोनवर मागं कुणाचाच आवाज नसायचा, भांड्याचासुद्धा नाही. मला ते फोन नको वाटायचे आणि केल्याशिवाय राहवायचंही नाही.

भाद्रपदात एका दुपारी तिनं आपणहून फोन केला. पहिल्यांदा मला वाटलं ती रडतेय.

"भाजलं बेटा. तव्याला अंगठा लागला. लई भाजलं."

"पाणी घाल, खाला. बर्फ आहे का?"

"पाणी कशाला? ठणकून राहिलाय. अजून ठणकून राहिलाय." ती हसत होती. मग म्हणाली, "जिन्यापर्यंत पळत गेले कुणालातरी सांगायला. वर तर पोरी न्हाईत. मंग तुला केला."

गाड्या सुरू झाल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी मी पोचले. तोंडाला फडकं बांधून दारात उभी राहिले, नळावर साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. ती फार वाळली होती. ओढणी खांद्यावर राहत नव्हती. अंगठ्यावर फोड होता आणि तो तिनं मला कौतुकानं दाखवला. मी जवळ बसले तेव्हा तिनं माझा हात घेतला आणि डोळे मिटले. एकेक बोट दाबून बघत होती. अंगठा कळतो, म्हणाली. हे जरा जरा कळतं. करंगळी अजून न्हाई.

मी पेटी पुढं ओढली. "बांगड्या काढू का? भरून बघतेस?"

"नगं," ती म्हणाली. "नुसती बस."

मी बसले. बोळात कुणी नव्हतं, दुकानात कुणी आलं नाही. माझा हात घामेजला, मुंग्या आल्या, तरी तिनं सोडला नाही आणि मीही काढून घेतला नाही. नांदेडची दुपारची गाडी निघून गेली.

दिवाळी व्हायच्या आत ती गेली. ज्या बोटांसाठी तिनं ते महिने मागून घेतले, ती परत आल्यावर फक्त एका हाताला लागली, माझ्या. आणि मी तिची कोण, तर वरच्या खोलीत एक वर्ष राहिलेली भाडेकरू.